बिनसांध्याचे अप्पा

अप्पा हाळीकरांच्या घराला बेल आहे, पण ती कुठं आहे हे अप्पांशिवाय कोणाला सापडत नाही. दाराशेजारच्या भिंतीत पेरूएवढा एक गुळगुळीत काचेचा गोटा बसवलेला आहे. त्याला बटण नाही, भोक नाही, वायर नाही. त्यावर तळहात पुरता टेकवून जरा वेळ शांत उभं राहिलं की घरात कुठंतरी मंजुळ वाजतं. हे माहीत नसलेला माणूस आधी गोटा दाबतो, मग पिळतो, मग त्यावर टिचकी मारतो आणि शेवटी दार बडवतो. गॅसच्या सिलिंडरवाल्यानं मात्र पहिल्याच दिवशी चप्पल काढून गोट्याला नमस्कार केला. त्याला ते देवाचं काहीतरी वाटलं. तेव्हापासून तो अप्पांच्या दारात हात जोडतो आणि त्यांचं सिलिंडर आमच्या दारात उतरवून जातो.

अप्पा आमचे शेजारी. लातुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळं त्यांच्याकडं काही फुटलं की आमच्याकडं कळतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात आणि कुठल्याही देशानं काही आगळीक केली की त्याचा जाब मला विचारतात. स्वतः ते तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीतली माणसं सकाळी फिरायला जातात, गुडघ्यांविषयी बोलतात, रिंगरोडला प्लॉट बघून येतात. अप्पांनी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी यंत्रं काचेत कोंडायला सुरुवात केली. ‘कोंडणं’ हा माझा शब्द. ते ‘घडवणं’ म्हणतात.

म्हणजे असं की घड्याळ असो, दिवा असो, आतलं सगळं काम अप्पा एका जाड काचेच्या नळीत बसवतात आणि नळीचं तोंड जाळावर वितळवून कायमचं बंद करतात. झाकण नाही, स्क्रू नाही, उघडायची सोय नाही. चार्जिंगलासुद्धा भोक नाही. एका लाकडी पाटावर ठेवलं की वस्तू बिनवायरची, आपली आपण चार्ज होते. नळीचं एक टोक बर्नरवर तापत असताना दुसऱ्या टोकाचं यंत्र जळू नये म्हणून त्या टोकाला बाहेरून ओलं फडकं गुंडाळतात. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. एकदा नेमक्या त्या वेळी मी वाटीभर साखर मागायला गेले, तर अप्पांनी नुसत्या भुवईनं मला परत पाठवलं.

नळ्या ते नांदेडहून आणतात, प्रयोगशाळांचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून. येताना एसटीत नळी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसतात. शेजारचा प्रवासी सहज म्हणतो, “काय हाय हो हे?” मग त्या बिचाऱ्याला लोहा सोडल्यापासून चाकूर येईपर्यंत सांध्यांचं तत्त्वज्ञान ऐकावं लागतं.

हे तत्त्वज्ञान मला तोंडपाठ आहे. “सांधा आला की घाण आली, बाई. फटीतून धूळ जाते, पाणी जातं, वारं जातं. माणसानं जोडून जोडून जिंदगी खराब करून घेतली. निसर्गाला बगा की जरा. अंडं! एक तरी स्क्रू हाय का त्याला?”

अप्पांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. त्यांच्या घरात ते चालतही नाही. तरीसुद्धा एक अंडं आणून त्यांनी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी, मखमलीवर ठेवलं होतं. आल्यागेल्याला ते दाखवायचे. सुमनकाकूंनी पुष्कळ विनवण्या केल्या, पण अंडं हललं नाही. मग लातूरचा मे महिना आला आणि एका दुपारी ते आपण होऊन फुटलं. आमच्या घरापर्यंत वास आला. काकू दोन दिवस शोकेस धूत होत्या आणि अप्पा नाकाला रुमाल लावून म्हणत होते, “मटेरियल कच्चं निघालं. डिझाइन बिलकूल बरोबर हाय.”

खाण्यापिण्यातही हेच. दिवाळीत करंजी पुढं केली की तिच्या कडेची मुरड बघून अप्पांचा चेहरा पडतो. “कशाला उगं एवढा मोठा सांधा?” म्हणतात आणि लाडू उचलतात. टम्म फुगलेली पुरी आली की मात्र पंगतीत जेवण थांबवून ती हातावर घेऊन फिरवून बघतात. “अखंड!” हा त्यांचा सर्वांत मोठा गौरवाचा शब्द. तो मी पुरीसाठी, कलिंगडासाठी आणि एका टकल्या मंत्र्याच्या डोक्यासाठी ऐकलेला आहे. माणसाच्या कामासाठी कधी ऐकला नव्हता.

कॉलनीला त्यांनी वस्तू पुष्कळ दिल्या. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. आठवडा जातो, कधी दहा दिवस जातात, आणि येतं तेव्हा बायकांनी घरात नसावं असा महानगरपालिकेचा नियमच असावा. अप्पांनी यावर काचेची एक कांडी काढली. नळाखाली ठेवायची, पाणी लागलं की ती कोकलते. पहिल्याच दिवशी कांडी कोकलली, सगळ्यांच्या टाक्या भरल्या, बायकांनी अप्पांना दुवा दिला. पाणी गेलं, तरी कांडी कोकलतच राहिली. बंद करायला बटण नव्हतं. पुसून झालं, उन्हात ठेवून झालं, ओरडून झालं. शेवटी तिला दोन रजयांत गुंडाळून जाधवांच्या गव्हाच्या कोठीत पुरलं. पुढं तिच्यातली वीज संपेपर्यंत जाधवांच्या गव्हातून पाणी आल्याची वर्दी येत होती, आणि जाधवांच्या आजी सवयीनं प्रत्येक वेळी बादली घेऊन उठत होत्या.

“एक बटण ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, अप्पा?” मी विचारलं.

“बटण म्हणजे भोक, बाई.”

“मग बंद कसं करायचं?”

“बंद कशाला करायचं? पाणी येणं ही चांगलीच गोष्ट हाय की.”



त्यांचं पहिलं घड्याळ तर अजून त्यांच्या भिंतीवर आहे. नळीचं तोंड बंद करायच्या गडबडीत वेळ पुढची लागली आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच मिटला. अप्पांनी घड्याळाला दोष दिला नाही. ते स्वतः त्या वेळेनं वागायला लागले. एसटी स्टँडवर आधी जाऊन उभे राहतात, लग्नात मांडव घालणाऱ्यांच्या बरोबरीनं पोचतात, आणि कोणी हसलं की म्हणतात, “घड्याळ पुढं न्हाई. लातूर मागं हाय.”

सुमनकाकूंनी हे सगळं चालवून घेतलं होतं. काकूंचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, कानडी बोलणाऱ्या गावातलं. फार चिडल्या तर त्या एकच शब्द बोलायच्या, “साकु!” म्हणजे पुरे. तो ऐकला की अप्पासुद्धा जरा वेळ बर्नर बंद करायचे. काकूंचा एक जुना रेडिओ होता, चकत्या फिरवून स्टेशन लावायचा. दुपारी जेवणं झाली की त्या ओट्याला टेकून बसायच्या आणि चकती फिरवत राहायच्या. जरा नांदेड, जरा हैदराबाद, मध्येच कानडी गाणं, मध्येच नुसती खरखर. ऐकण्यापेक्षा फिरवण्यातच त्यांना गोडी होती. त्यांच्या वाढदिवसाला अप्पांनी तो रेडिओ गुपचूप उचलला, त्यातलं काम काढलं, काचेत बसवलं आणि नळीचं तोंड बंद करून त्यांच्या पुढ्यात ठेवला. दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू? आत बारीक बारीक दिवे लुकलुकत होते.

“चकती कुठं हाय?” काकूंनी विचारलं.

“चकती न्हाई. चकती म्हणजे सांधा. एक स्टेशन पक्कं लावून दिलंय, साफ येतं.”

“आणि मला दुसरं लावायचं असलं तर?”

“दुसरं कशाला लावायचं?”

मी तिथंच होते. काकू “साकु” म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी “चार दिवस मुलीकडं जाऊन येते,” म्हणून नांदेडला गेल्या. ते चार दिवस दिवाळीआधी सुरू झाले होते. संक्रांत झाली, होळी झाली, अजून चालूच होते.

अप्पा फोन करायचे नाहीत असं नाही. पण धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या मोबाइलची सगळी भोकं गोंदानं बुजवली आहेत. बोलायचं भोकही त्यातच गेलं. पलीकडच्याला त्यांचा आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. काकू “हॅलो, हॅलो, कोण बोलून राहिलंय?” म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. दुसऱ्याच्या फोनवरून करा म्हटलं तर अप्पा ताठ व्हायचे. “चार दिवस म्हणून गेली ती. तिला चार दिवस कळत न्हाईत का?” असं म्हणणाऱ्या माणसाच्या नांदेडच्या चकरा मात्र वाढल्या होत्या. पूर्वी महिन्याकाठी जायचे, आता दर आठवड्याला. एसटीतून उतरताना पुष्कळदा हात रिकामे असायचे. विचारलं तर म्हणायचे, “दुकान बंद होतं.” मी एकदा म्हटलं, “अप्पा, ते दुकान आता उघडत तरी असेल का?” त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत.

अशात मार्च महिन्यात त्यांच्या हातून ते घड्याळ झालं.

आजवरच्या सगळ्या वस्तूंना एक खोट होती. नळीचं तोंड जिथं बंद व्हायचं, तिथं काचेवर वण राहायचा, लहानपणी पडल्याचा गुडघ्यावर राहतो तसा. आम्हाला तो दिसायचा नाही. अप्पांना दुसरं काही दिसायचं नाही. या घड्याळाला वण नव्हता. हातभर लांब, दोन्ही टोकं सारखी गोल, आणि आत आकडे दुधाच्या सायीसारखे उमटायचे. अप्पांनी मला बोट फिरवायला लावलं. मी डोळे मिटून फिरवलं. खरोखरच काही लागलं नाही.

“अखंड,” अप्पा म्हणाले. स्वतःच्या कामाला पहिल्यांदा. “हे पुन्हा व्हायचं न्हाई, बाई. माझा हात आता थरथरतो. कसं काय झालं, मलाच ठाऊक न्हाई.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात तंत्रनिकेतनात प्रदर्शन होतं. पुण्याची एक कंपनी येणार होती, घरात शोभेशी दिसतील अशी उपकरणं बनवणारी. त्यांना अप्पांचं काम आवडलं तर ती तसली घड्याळं काढणार होती, अप्पांच्या पद्धतीनं आणि अप्पांच्या नावानं. कॉलेजात इतकी वर्षं ज्यांनी त्यांना ‘काचबापू’ म्हणून चिडवलं, ते सगळे समोर बसणार होते. अप्पांना त्यांचं फारसं काही नव्हतं. ते मला एवढंच म्हणाले, “पेपरात फोटो यील. नांदेडला बी तोच पेपर येतो.”

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पांनी भिंतीवरून हाक मारली. “बाई! तुमच्याकडं नकाशे बघायचं भिंग हाय ना? घेऊन या जरा.”

मी भिंग घेऊन गेले. घड्याळ पाटावर होतं. अप्पांचा चेहरा काळवंडला होता. त्यांनी भिंग घेतलं, घड्याळावर धरलं आणि मला वाकायला सांगितलं.

आत एक मुंगी होती.

साधी, काळी, स्वयंपाकघरातली मुंगी. अप्पांना काम करताना गूळ-शेंगदाणे खायची सवय आहे. नळी उघडी असताना ती गुळाच्या वासानं आत शिरली असणार, ओल्या फडक्याच्या टोकाला गारव्यात बसली असणार, आणि पलीकडं तोंड बंद झालं. धुळीचा कण जाऊ नये म्हणून ज्या माणसानं फोन मुका केला, त्यानं जगातल्या एकुलत्या एक अखंड घड्याळात जिवंत मुंगी कोंडली होती. मला हसू आलं, ते मी भिंगाआड लपवलं.

“आता हो?” मी विचारलं.

“आता काय? डाग हाय. चालता डाग.”

दुपारी पुण्याचे दोघं प्रदर्शनाआधीच घरी घड्याळ बघायला आले. एक मुलगा, एक मुलगी, दोघांचेही चष्मे मोठे आणि बिनफ्रेमचे. बरोबर तंत्रनिकेतनाचे प्राचार्य. अप्पांनी खाली मान घालून घड्याळ पुढं ठेवलं. ते काही बोलणार, एवढ्यात मुंगी आकड्यांच्या अंगावरून चालत गेली आणि मुलगी किंचाळलीच.

“ओ माय गॉड! सर! हे जिवंत आहे?”

“हाव,” अप्पा ओशाळून म्हणाले.

“काळ आणि जीव! एकाच काचेत!” मुलगा गुडघ्यावर बसून मोबाइलनं चित्रण करायला लागला. “सर, ही मुंगीची कल्पना तुम्हाला सुचली कशी?”

“मला सुचली न्हाई. ती आपली आपण आली.”

“किती ऑरगॅनिक!” मुलगी म्हणाली.

प्राचार्यांना आधी काही उमगलं नव्हतं, पण पुण्याची माणसं खूश आहेत म्हटल्यावर ते पुढं सरसावले. “मुंगी म्हणजे शिस्त. मुंगी म्हणजे उद्योग. उद्याच्या प्रास्ताविकात मी हे घेणारच आहे. हाळीकर, तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत!”

“पण ती मेली तर?” मी विचारलं. मला राहवेना.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलगा समजुतीनं हसला. “मॅम, उद्यापर्यंत टिकली की झालं. पुढं प्रॉडक्टमध्ये आपण खोटी मुंगी टाकू. तिला वर्षभराची वॉरंटीपण देता येईल.”

उद्या सकाळी गाडी पाठवतो, घड्याळ मध्यभागी ठेवू, वर दिवा सोडू, असं ठरवून मंडळी गेली. जाताना प्राचार्यांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला. निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा त्यांनी एवढा वेळ धरला नव्हता. मी म्हटलं, “अप्पा, तुमचं नशीब बघा. डाग म्हणत होता, तीच कामाला आली. पेढे आणा.”

अप्पा हसले नाहीत. ते भिंग घेऊन बसले होते. “आणतो की,” एवढंच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या तयारीत होते. पुन्हा हाक आली, पण या वेळी हळू. मी गेले तर अप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, घड्याळापुढं जमिनीवर बसलेले. भिंग हातातच होतं.

“बगा,” म्हणाले.

मुंगी काचेच्या कडेनं चालत होती. या टोकापर्यंत यायची, थांबायची, मिश्यांनी काच चाचपायची, वळायची. मग दुसऱ्या टोकापर्यंत. तिथंही तेच. काल ती धावत होती. आज दोन पावलं टाकली की थांबत होती.

“काय करून राहिली, कळलं का तुम्हाला?” अप्पांनी विचारलं. “सांधा शोधून राहिली. कुठं तरी एक फट असंल, म्हणून. कालपासून तेच. आणि मी एक बी ठेवली न्हाई, बाई. एक बी न्हाई.”

मी म्हटलं, “अप्पा, मुंगी आहे ती. दिवसाला आपण किती तुडवतो.”

“तुडवतो ते निराळं. ती मला दिसत न्हाई. ही दिसते की.”

“बारीक भोक पाडता येणार नाही का कुठं?”

“वितळवून बंद केली की काच आतून ताणलेली राहती. भोक पडत न्हाई. फुटती.” ते जरा थांबले. “तिचं घर हाय ना कुठंतरी. तिथल्यांना काय ठाऊक, ही कुठं गेली ते? चार दिवस म्हणून गेली म्हणत असतील.”

हे बोलून गेल्यावर आम्ही दोघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं. या माणसाला मी इतकी वर्षं हसले, आणि हसत राहीनही, पण त्या क्षणी त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. शेजारधर्मात ते बसत नाही, म्हणून नुसती उभी राहिले.

अप्पा उठले. स्वयंपाकघरात गेले आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन आले. घड्याळ टॉवेलात गुंडाळलं. पहिला घाव घातला, काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. “माल पक्का हाय,” ते म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी असताना त्यांना अभिमान वाटत होता हे मी शपथेवर सांगते. तिसऱ्या घावाला आतून कुरकुरल्यासारखा आवाज आला. बत्ता बाजूला ठेवून अप्पांनी टॉवेल उलगडला आणि चिमटाही न घेता काचेच्या चुऱ्यात बोटं घातली.

“अप्पा, हात!”

“थांबा. हलू नका. तिच्यावर पडंल काहीतरी.”

मुंगी सापडली. सर्किटच्या पट्टीखाली, धडधाकट. अप्पांनी बोट पुढं केलं, ती विचार करून बोटावर चढली. मग ते माझ्याकडं वळून गंभीरपणे म्हणाले, “बाई, तुम्ही भूगोलाच्या. ही कुठली असंल? कुठं सोडायची?”

माझ्या नोकरीत इतका महत्त्वाचा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. आम्ही दोघांनी वाकून सगळं घर पालथं घातलं. ओट्याखाली गुळाच्या डब्यामागून मुंग्यांची एक रांग खिडकीकडं जात होती. अप्पांनी बोट रांगेशेजारी टेकवलं. आमची मुंगी उतरली. समोरून येणारी एक थांबली, दोघींनी मिश्या लावून काहीतरी विचारपूस केली, आणि मग ती रांगेत अशी मिसळली की पुन्हा ओळखू येईना.

“घेतलं की तिला,” अप्पा म्हणाले. ते ओट्याला टेकून खाली बसले. “कुठं होतीस म्हणून भांडण बी केलं न्हाई. घेतलं.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. मी जाऊन प्राचार्यांना सांगितलं, घड्याळ फुटलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर विचार करून त्यांनी विचारलं, “मुंगी तरी शिल्लक आहे का?”

मी आत आले तेव्हा अप्पा तसेच बसले होते. बोटातून रक्त येत होतं, शर्टाच्या बाहीला लागलं होतं. पाटावर काचेचा ढीग होता आणि त्यात आकडे अजून चुकीचं काहीतरी दाखवत लुकलुकत होते. हातून पुन्हा व्हायची नाही अशी एकच गोष्ट झाली होती, ती तिथं पडली होती. त्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

“बाई, तुमचा फोन द्या जरा,” ते म्हणाले. “आणि तुम्हीच लावा. माझं बोट भरलंय.”

कोणाला, हे मी विचारलं नाही. काकूंनी दुसऱ्याच घंटेला उचलला. “हं, बोला बाई.” मी काही न बोलता फोन अप्पांच्या कानाला लावला. स्वयंपाकघर लहान, काकूंचा आवाज खणखणीत. मला सगळं ऐकू येत होतं.

“सुमन,” अप्पा म्हणाले. “मुंगी होती.”

“अगंबाई, तुम्ही?” मग एकदम घाईनं, “चावली का? कुठं चावली?”

अप्पांनी रक्ताळलेल्या बोटाकडं बघितलं.

“बोटाला,” म्हणाले.

“लई सुजलंय का? हळद लावा आधी. हळद कुठं हाय ते तरी ठाऊक हाय का तुम्हाला?”

“न्हाई.”

“मला वाटलंच. फडताळाच्या मधल्या कप्प्यात बगा. मिठाच्या बरणीच्या मागं, पितळी डबी हाय, वर टोपण बसकं.”

मी मान वळवली. मिठाच्या बरणीमागं पितळी डबी होती. मी ती काढून, टोपण उघडून अप्पांच्या मांडीवर ठेवली. पिवळीधमक हळद होती. अप्पांनी डबीकडं बघितलं, मग फोन माझ्या हातातून आपल्या बऱ्या हातात घेतला आणि कानाशी घट्ट धरला.

“सापडली का?” काकूंनी विचारलं.

“न्हाई,” अप्पा म्हणाले. “सापडंना. अजून सांग.”